छापणारा कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ऑकलंड नावाचं शहर आहे. २९ जून २०२१ रोजी तिथल्या न्यायालयाबाहेर काही माणसं फलक घेऊन जमली होती. पोलिसाच्या गोळीने मेलेल्या एका माणसाच्या प्रकरणाची आत सुनावणी चालू होती. फलक कुठे लावायचा यावरून बंदोबस्तावरच्या एका सार्जंटशी त्यांची हुज्जत सुरू झाली. एकाने मोबाइलवर चित्रण सुरू केलं, तसा सार्जंटनेही खिशातून आपला मोबाइल काढला आणि टेलर स्विफ्ट या गायिकेचं एक गाजलेलं गाणं मोठ्याने लावलं. हे काय चाललंय, असं विचारल्यावर त्याने कारण लपवलं नाही. हवं तितकं चित्रण करा, पण ते यूट्यूबवर काही चढणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ होता.

त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. यूट्यूबने २००७ पासून एक यंत्रणा बसवली आहे. गाण्यांचे मालक आपली गाणी तिच्याकडे नोंदवून ठेवतात. कुणीही नवी चित्रफीत टाकली की यंत्र तिच्यातले आवाज नोंदवलेल्या गाण्यांशी ताडून पाहतं. जुळलं, तर ती फीत बंद करायची, की तिच्यावरच्या जाहिरातींचे पैसे आपल्याकडे वळवायचे, की जाऊ द्यायचं, हे मालक ठरवतो. मागे पोलीस काय बोलतोय, कुणाला दरडावतोय, याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. गाणाऱ्याच्या हक्कासाठी केलेला कायदा पोलिसाने आपल्या अंगावर चिलखतासारखा चढवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेव्हर्ली हिल्समध्येही एका पोलिसाने हीच युक्ती केली होती. ऑकलंडच्या सार्जंटचा डाव मात्र उलटला. ती चित्रफीत चढली आणि गाण्यासकट लाखो लोकांनी पाहिली.

मी ती पाहिली तेव्हा आधी हसलो. मग मला आमचा छापखाना आठवला.

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, तालुक्याच्या गावी छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, तर एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या लाकडी केसी आणि अण्णांसकट तीन माणसं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेच्या जाहिराती अशी कामं असत. मी सातवीत असताना गावच्या पोलीस कोठडीत एका पोराला बेदम मारहाण झाली. चार शिक्षक आणि दोन वकील एकत्र आले, चौकशीची मागणी करणारं पत्रक त्यांनी लिहिलं आणि पाचशे प्रती छापायला अण्णांकडे दिल्या. अण्णांनी नियमाप्रमाणे तळाशी बारीक टाइपात छापखान्याचं नाव घातलं. वकिलांपैकी एक जण म्हणालेही, "नाव नाही घातलंत तरी चालेल." अण्णा म्हणाले, "कायदा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले ते त्या नावाचा माग काढतच. जुळवलेला फर्मा, उरलेल्या प्रती आणि टाइपाच्या दोन केसी त्यांनी उचलून नेल्या. पंचनामा नाही, पावती नाही. अण्णांना संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. लिहिणाऱ्यांपैकी कुणाला बोलावणंसुद्धा गेलं नाही. रात्री घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "लिहिणारा घरी, मारणारा ड्यूटीवर, आणि छापणारा बाकावर." त्यांचा आवाज चढला नव्हता. हिशेबाची वही वाचून दाखवावी तसं ते बोलले.

छापणाऱ्याचं नाव सक्तीचं करणारा तो कायदा १८६७ चा. इंग्रजांनी केला, स्वातंत्र्यानंतरही राहिला. २०२३ साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. नाव हवं कशाला, तर सरकारला धरायला कुणीतरी हवं म्हणून. लेखक टोपणनाव घेऊ शकतो, पळून जाऊ शकतो. यंत्र जड असतं, ते पळत नाही.

टिळकांवरचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण त्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात दोघे होते, हे सहसा सांगितलं जात नाही. दुसरे होते केशव महादेव बाळ, 'केसरी'चे मुद्रक. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावताना 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ इतका ताणला, की सरकारविषयी नुसती प्रीती नसणं हाही गुन्हा व्हावा. नऊ जणांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवलं आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाळांना मात्र ज्यूरीने सोडलं. छापणारा आणि लिहिणारा यांच्यात फरक आहे, एवढं १८९७ सालच्या ज्यूरीलाही कळलं होतं. ती ज्यूरी काही आपल्या बाजूची नव्हती, म्हणून मला त्याचं अधिक महत्त्व वाटतं.

इंटरनेट आलं तेव्हा हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. इथे छापणारा कोण? ज्याच्या यंत्रावर मजकूर ठेवलाय ती कंपनी, की टाकणारा माणूस? अमेरिकेने १९९८ साली निदान कॉपीराइटपुरतं उत्तर काढलं. मालकाची तक्रार आली की मजकूर तातडीने काढा, मग कंपनी जबाबदार नाही. ऑकलंडच्या सार्जंटची हुशारी या उत्तराच्याच पोटातली. तक्रार खरी की खोटी हे तपासत बसण्यापेक्षा काढून टाकणं कंपनीला स्वस्त पडतं.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. डिसेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाचे प्रमुख अवनीश बजाज यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. एका तिऱ्हाइताने त्या संकेतस्थळावर अश्लील चित्रफीत विकायला ठेवली होती. बजाज तपासात मदत करायला आपणहून दिल्लीला गेले होते. पुन्हा तेच, छापणारा बाकावर. बराच गदारोळ झाला आणि कायदा बदलायचं ठरलं.

तो बदल झाला डिसेंबर २००८ मध्ये. मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता. लोकसभेत आणि राज्यसभेत लागोपाठच्या दोन दिवसांत, जवळजवळ चर्चेविना, दुरुस्ती मंजूर झाली. तिच्यात छापणाऱ्याला, म्हणजे मध्यस्थ कंपन्यांना, कलम ७९ खाली संरक्षण मिळालं. आणि त्याच कागदात लिहिणाऱ्यासाठी ६६-अ नावाचं नवं कलम येऊन बसलं. घोर अपमानास्पद संदेश, किंवा खोटा असल्याचं ठाऊक असूनही त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेला संदेश, याला तीन वर्षांपर्यंत कैद. या शब्दांचं मूळ कुठलं? १९३५ सालच्या ब्रिटनच्या टपाल कायद्यातल्या, टेलिफोनवरून अश्लील किंवा धमकीचं बोलणाऱ्यांसाठीच्या एका कलमाचं. एका माणसाने दुसऱ्याच्या कानात बोलण्यासाठी बेतलेला अंगरखा साऱ्या गावच्या पारावर चढवला. तो सैल होणारच. आणि सैल कायदा पोलिसांच्या हाती गेला की तो कुणाच्याही मापाचा होतो.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई व आसपासचा परिसर बंद होता. पालघरमधल्या एकवीस वर्षांच्या एका तरुणीने या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना 'लाइक' केलं. तक्रार झाली, जमाव जमला, तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. आणि अटक झाली ती या दोघींना. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पोलिसांनी आधी धार्मिक भावना दुखावल्याचं कलम लावलं. ते बसत नाही असं दिसल्यावर दुसरं शोधलं. ६६-अ मात्र पहिल्यापासून पक्कं होतं. लिहिणारीचं एक वेळ बाजूला ठेवा, पण नुसता अंगठा दाखवणारी कोण? लेखक, मुद्रक, की वाचक?

या प्रकरणात पुढे एक गोष्ट घडली, जी आपल्याकडे क्वचित घडते. चौकशी झाली आणि दहा दिवसांच्या आत ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. दोघींवरचा खटला पुढे उभाच राहिला नाही. मला हे निलंबन महत्त्वाचं वाटतं, पण समाधानकारक वाटत नाही. देशभर आरडाओरडा झाला म्हणून ते झालं. आमच्या तालुक्याच्या गावी तो झाला नसता.

श्रेया सिंघल ही तरुणी त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल लागायला २४ मार्च २०१५ उजाडला. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी ६६-अ घटनाबाह्य ठरवलं. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, कायद्याचा हात फक्त चिथावणीपर्यंत पोहोचू शकतो, असं निकालपत्र सांगतं. छापणाऱ्याबद्दलही त्यांनी नेमकं सांगितलं. कुणीही उठून तक्रार केली म्हणून कंपनीने मजकूर काढायचा नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना हवी. कॉपीराइटचा रस्ता मात्र निराळा राहिला. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे मालकाने लेखी तक्रार केली की मजकूर एकवीस दिवस बंद ठेवायचा आणि तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे मताला न्यायालय लागतं, गाण्याला एक पत्र पुरतं. एकवीस दिवसांत तापलेला विषय किती थंड होतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

मग सगळं ठीक झालं का? नाही. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवतच राहिले. २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती सगळ्या राज्यांना पाठवायला सांगितल्या. २०२१ मध्ये पीयूसीएल या संस्थेने अकरा राज्यांत मिळून ७४५ खटले चालू असल्याची आकडेवारी न्यायालयापुढे ठेवली, तेव्हा न्यायमूर्ती नरिमन यांनी उघड आश्चर्य व्यक्त केलं. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने अशा कुणावरही खटला चालवू नये असा आदेश दिला. मेलेलं कलम पुरायला साडेसात वर्षं लागली. कुणी म्हणेल, ठाण्यातल्या जुन्या पुस्तकात ते छापलेलं होतं, हवालदाराला काय कळणार? असेलही. पण त्या कलमाखाली ज्याला ठाण्यात बसवलं, त्याचा दिवस कुणाच्या पुस्तकात नोंदवायचा?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून फिरली होती. शब्दाने माणूस मरत नाही, असं त्या पाच कुटुंबांसमोर म्हणायची माझी हिंमत नाही. पण जमावाला चिथावणी देण्याविरुद्धची कलमं तेव्हाही शाबूत होती, आजही नव्या संहितेत आहेत. ६६-अ जिवंत असतं तर ते पाच जण वाचले असते, असं मला वाटत नाही. त्या दिवशी राईनपाड्यात जे कमी पडलं, ते कलम नव्हतं.

ज्या नरिमन यांनी ६६-अ रद्द केलं, त्यांच्याच पीठाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायचा आदेश दिला. प्रवेशदारी, कोठडीत, व्हरांड्यात. चित्रण निदान वर्षभर जपून ठेवायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण कित्येक ठाण्यांत कॅमेरे चालत नव्हते. तिथे गाणं लावायचीसुद्धा गरज नाही.

आमच्या छापखान्यातल्या त्या दोन केसी तीन आठवड्यांनी परत आल्या. कुणीतरी त्या उलट्या करून एकाच पोत्यात भरल्या होत्या. अण्णांनी पोतं ओसरीवर ओतलं आणि मी शाळेतून आल्यावर रोज त्यांच्यासमोर बसून खिळे निवडत असे. 'व' आणि 'ब' हातात उलटे धरले की सारखेच दिसतात. पावसाळा लागेपर्यंत आम्ही ते काम करत होतो. पत्रकाच्या पाचशे प्रतींचे पैसे शिक्षकांनी आधीच दिले होते. अण्णांनी त्यातले जप्त झालेल्या प्रतींचे मोजून परत केले.