काकांची कॉन्टेसा, आणि नंतरची मारुती

मंडळी, परवा सुरसागरच्या कडेला एक काळी कॉन्टेसा उभी दिसली. रुंद टायर, चकचकीत नवा रंग, भोवती मोबाइल घेऊन पोरं. त्यातला एक मला म्हणाला, "अंकल, आ तो इंडियानी मसल कार छे!" मी नुसती मान डोलावली. तशीच एक कॉन्टेसा मी १९९४ साली, टेक्नोच्या तिसऱ्या वर्षाला असताना विकली होती. तेव्हा तिला मसल कार कोणी म्हणत नव्हतं. आमच्या वाड्यात तर तिला म्हैस म्हणायचे, आणि त्यात प्रेमही असायचं.

मसल कार हा प्रकार मुळात अमेरिकेतला. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं आणि तरुणांच्या खिशाला झेपेल अशा किमतीत विकायची. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ही त्यातली पहिली गाजलेली गाडी. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पंपांवर रांगा लागल्या. त्याच वर्षी तिकडच्या बाजारात आलेली छोटीशी होंडा सिव्हिक लोकांना एकदम शहाणपणाची वाटायला लागली. हे सगळं आपल्याकडे घडलं, पण वीस वर्षं उशिरा आणि निम्म्या ताकदीच्या गाड्यांवर.

कारण कॉन्टेसाचं अंग तेवढं दांडगं, काळीज मात्र ॲम्बेसेडरचं. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीने आपली व्हीएक्स गाडी १९७८ मध्ये बंद केली. तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सने घेतले आणि कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला ही गाडी बनू लागली. १९८४ मध्ये ती बाजारात आली. लांब बॉनेट, पुढे चार दिवे, मागच्या चाकांना ताकद, सगळं अगदी अमेरिकन सिनेमातल्यासारखं. पण आत ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं, पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन. पुढे जपानी इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा ती खरी पळायला लागली. काकांची १९८६ ची होती, म्हणजे आधीची. हलोलच्या रस्त्यावर ट्रक ओलांडायचा तर आधी देवाचं नाव घ्यायचं.

मग काकांनी ती घेतली का? आम्ही बडोद्याचे दक्षिणी म्हणजे नोकरीवाले. पणजोबा सरकारवाड्यातल्या कचेरीत, आजोबा गायकवाडी राज्य १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा एका रात्रीत दुसऱ्या सरकारचे कारकून झालेले. त्यानंतर आपल्या लोकांना आधार मिळाला तो कारखान्यांचा. जीएसएफसी, १९६५ पासून कोयलीची रिफायनरी, मग आयपीसीएल. बाबा त्यातच लागले. काका मात्र नोकरी सोडून पाइपच्या कामाचे ठेके घ्यायला लागले. घरात कोणालाच ते रुचलं नव्हतं. "दांडिया बाजारातला मुलगा शेठियांच्या पंगतीत जाऊन बसणार म्हणे," असं आजी म्हणायची. स्कूटरवरून गेलं तर शेठ बाहेरच्या बाकावर बसवतो, कॉन्टेसातून उतरलं तर आत चहा येतो, हा काकांचा अनुभव. त्यात खोटं काही नव्हतं.

आणि गणपती! खारीवाव रोडच्या कारागिराकडून मूर्ती आणायला दरवर्षी कॉन्टेसा जायची. मागच्या सीटवर काकू मूर्ती धरून, पुढे काका, मी आणि चुलत बहीण, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून पुढे पायी. वाड्यापर्यंत ती कधी आलीच नाही. साडेचार मीटरहून लांब गाडी त्या गल्लीत वळणार कुठे? ती रावपुऱ्यात एका ओळखीच्यांच्या दुकानामागे भाड्याने उभी असायची.

१९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि पेट्रोल कडाडलं. ज्या शहराच्या एका अंगाला रिफायनरीच्या चिमण्या रात्रंदिवस जळतात, तिथे माणसं पेट्रोल वाचवायला लागली. काका तरीही फिरवत राहिले. १९९२ च्या हिवाळ्यात हार्ट अटॅकने गेले. ठेक्याची येणी कोणाकडे किती, हे त्यांच्या डोक्यातच राहिलं. गाडी काकूच्या नावावर झाली आणि किल्ली माझ्याकडे आली, कारण घरात चालवता येणारा दुसरा कोणी नव्हता.

दोन वर्षं मी कलाभवनाच्या फाटकातून ती आत नेली. मित्रांची चैन! कमाटी बाग, फतेगंज, रात्री सेव-उसळ. लिटरला आठ किलोमीटर जायची, वर्गणी काढून पेट्रोल भरायचो. पण काकूला बँकेत न्यायचं, आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, तर आधी रावपुऱ्यापर्यंत चालत जाऊन गाडी काढा, आणि परत आल्यावर तिथून चालत या. आजीला ते झेपत नव्हतं. इंजिनाचे भाग मिळायचे, ॲम्बेसेडरचेच ते. पण दाराचं हँडल, दिव्याची काच, समोरची जाळी यांसाठी मेकॅनिक मुंबईचं नाव सांगायचा आणि महिना लावायचा.

उलट मारुती बघा. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० बाहेर पडली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कॉन्टेसाच्या निम्म्याने इंजिन आणि साडेतीन मीटरच्या आत लांबी. आमच्या गल्लीत ती वळली असती, एवढंच नाही, वाड्याच्या चौकात उभी राहिली असती. मी हा सगळा हिशेब इंजिनिअरिंगच्या वहीत मांडून बाबांना दाखवला. हिशेब बरोबर होता. त्या वहीत एक गोष्ट लिहिलेली नव्हती. काकांची येणी मागायला मी ज्यांच्याकडे जायचो, त्यांच्यातल्या एकाने दारातली कॉन्टेसा बघून म्हटलं होतं, "गाडी तर छे ने, पैसानी शी उतावळ?" तेव्हापासून मला त्या गाडीत बसायची लाज वाटायला लागली होती.

गिऱ्हाईक हलोलकडचं मिळालं. पंचेचाळीस हजार. सहा वर्षं वापरलेल्या मारुतीला त्याच्या दुप्पट मोजावे लागले. बाकीचे बाबांनी पीएफमधून काढले. एवढ्या मोठ्या गाडीला निम्मे पैसे, हे आजीला शेवटपर्यंत पटलं नाही. आणि काकू? फॉर्म २९ आणि ३० वर मालक म्हणून तिची सही लागत होती. बँकेच्या कागदांबरोबर मी ते पुढे केले, तिने सही केली. म्हणजे सही घेतली, विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानामागची जागा रिकामी बघून आली तेव्हा म्हणाली, "विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं रे." बस. त्यानंतर तो विषय नाही. मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो हे कारण आहे, पण पुरेसं नाही, हे मला आता कळतं.

त्याच डिसेंबरात तिने मला पोलो ग्राउंडवर न्यायला सांगितलं. "मला शिकव." कॉन्टेसाच्या स्टिअरिंगला काकांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. गाडी जड आहे, तुझं काम नाही, म्हणायचे, जड होतीच. पण मारुतीचं स्टिअरिंग दोन बोटांनी फिरायचं. त्या वर्षांत पोलो ग्राउंडवर नऊवारीतल्या नाही, पण पाचवारीतल्या कितीतरी आपल्या बायका क्लच सोडायला शिकल्या. तुमच्याही घरातली एखादी असेल. काकू चाळिशीच्या पुढे होती. दोनदा कुंपणाला टेकवली, तिसऱ्या आठवड्यात न्यायमंदिरापर्यंत घेऊन गेली. पुढे येणी मागायला ती स्वतः जायला लागली. सगळी नाही, पण बरीचशी तिनेच आणली.

पुढच्या वर्षी गणपतीला खारीवाव रोडवर गाडी तिने नेली. मागची सीट अरुंद, मूर्ती माझ्या मांडीवर. गल्लीच्या तोंडाशी मी सवयीने दार उघडायला लागलो.

"बस, बस," ती म्हणाली, "आत जाते ही."