दहा दिवसांचं अंतर

मॅरेथॉनला तीन आठवडे उरले की शेवटचा मोठा लाँग रन येतो. तीस-बत्तीस किलोमीटरचा. त्यानंतर टेपर सुरू होतो, म्हणजे रोजचं अंतर कमी करत जायचं आणि शरीराला सावरू द्यायचं. हा शेवटचा रन कसा करायचा हे फोनमधलं कोणतंही अॅप सांगतं: सावकाश. आणि नेमकं तेच आपल्याला ऐकवत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तो शर्यतीसारखा पळालो, नडगी दुखावून घेतली आणि जानेवारीतली मुंबईची मॅरेथॉन घरी बसून मोबाइलवर पाहिली.

यंदाचा लाँग रन मी तेरला केला. डिसेंबर संपत आला होता. पहाटे गावातून निघून ढोकीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी होती, हवेत चांगलाच गारठा होता. पुढे उसानं भरलेली एक बैलगाडी चालली होती. तिला मागे टाकताना जरा बरंही वाटलं. मग लक्षात आलं, या गावाचा पत्ता जगाला लागला तो अशाच गाडीच्या वेगामुळे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावानं ती ओळखली जाते. बॅरिगाझा, म्हणजे आजचं भरूच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. तिथून साधं कापड आणि मलमल, धड वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भरूचला येते, असं त्यानं नोंदवलं आहे.

पुढे तगर हरवलं. नाव मात्र टिकलं. शिलाहार राजे कित्येक शतकांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. पण हे तगर नेमकं कुठे? एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांपैकी कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं. त्यांच्या मांडणीत नावाच्या साम्याइतकाच अंतराचा हिशोबही महत्त्वाचा होता.

हा हिशोब आपल्यालाही करता येतो. नकाशावर भरूच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरतं. वीस दिवसांनी भागा, दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर. दहा दिवसांनी भागा, दिवसाला पंधरा. दोन्ही टप्प्यांचा वेग जवळपास सारखा. दिशेत थोडी गफलत आहे, कारण तेर पैठणच्या थेट पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. पण पेस जुळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर गाडीवानांनी दोन्ही स्प्लिट समान ठेवले होते, आणि त्यावरून एका शहराचा ठावठिकाणा लागला.

माल खरोखर किती दूर जात होता याची खूण तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. तिथे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्या घडणीशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीत सापडली, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात.

दिवसांत मोजलेल्या अंतराचा अर्थ किलोमीटरपेक्षा वेगळा असतो. दहा दिवस म्हणजे आज इतकंच चालायचं, की उद्याही बैल उठतील आणि परवाही. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर त्या गाडीवानाला अडीच-तीन दिवसांचे झाले असते. एखाद्या दिवशी त्यानं बैलांना दुप्पट दामटलं असतं, तर कापड भरूचला लवकर पोचलं नसतं. वाटेतच पडून राहिलं असतं. दिवसांच्या मापात उद्याची शिल्लक आधीच धरलेली असते. घड्याळाच्या मापात ती नसते.

घड्याळाचं माप आपल्याकडच्या धावण्यात तसं उशिराच आलं. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं मनावर घेतलं. तेव्हाचा एक किस्सा सांगतात. शंभर मीटरसाठी किती वेळ लागायला हवा असं विचारल्यावर जिमखान्यातल्या एका मान्यवरांनी उत्तर दिलं, दोन-तीन मिनिटं. तिथे सेकंदाच्या भागांचा प्रश्न असतो हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. बोटीनं समुद्र ओलांडून, इंग्लंडमध्ये सराव करून ते अँटवर्पला पोचले. शर्यतीआधीचे आठवडे असे परक्या हवेत गेले. २२ ऑगस्ट १९२० ची ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्यापेक्षा लांब. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन जिंकले. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. भागाकार केला तर किलोमीटरला जेमतेम चार मिनिटं. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही उतरले होते. त्यांना ती पूर्ण करता आली नाही, त्यामुळे त्यांच्या नावापुढे वेळ नाही. ते किती पळाले, कुठे थांबले, हे निकालाच्या तक्त्यात मावत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तर सुरुवातीच्या रेषेपर्यंतही पोचलो नव्हतो, म्हणून ती रिकामी जागा मला जास्त दिसते.

तयारी झाली की नाही हे मग ओळखायचं कसं? त्याची कथा तेरच्याच गोरोबाकाकांची आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं थापटून पाहिलं, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं. नामदेव कच्चे ठरले आणि रागावले. पण पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले. कच्चं ठरणं हा शेवट नव्हता, अजून वेळ हवा एवढाच त्याचा अर्थ होता.

शेवटचा लाँग रन हेच थापटणं. नुसता आवाज ऐकायचा, मडकं फोडायचं नाही. आणि कुंभार आणखी एक गोष्ट जाणतो. घडवलेलं मडकं सावकाश वाळू द्यावं लागतं, ओलं आव्यात घातलं तर तडकतं. टेपरचे तीन आठवडे म्हणजे ते वाळणं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं.

परतताना तीच बैलगाडी समोरून आली, त्याच चालीनं. गाडीवानानं विचारलं, “कुठवर?”

“तेरपर्यंत,” मी म्हणालो.

“मग दमानं जावा की.”

शेवटचे पाच किलोमीटर मी घड्याळ बाहीखाली झाकून पळालो. गावात शिरलो तेव्हा पाय दुखत होते, पण दुसऱ्या दिवशी उठून चालता येईल इतकेच.