पठ्ठे बापूराव : लावणीतील नाममुद्रा आणि फडाचे श्रम

प्रस्तावना

लावणी ही केवळ वाचावयाची कविता नव्हे. ती गावयाची, ढोलकीच्या ठेक्यावर नाचावयाची आणि प्रेक्षकांसमोर अदा करावयाची रचना आहे. शब्द कवीचे असले तरी ते प्रेक्षकांपर्यंत पोहोचतात ते ढोलकीवाला, तुणतुणेवाला, सुरते, सोंगाड्या आणि नाचणारी स्त्री यांच्यामार्फत. म्हणूनच लावणीकाराचे चरित्र लिहिताना केवळ त्याच्या शब्दांचा विचार करणे अपुरे ठरते. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र लावणीचा विचार बहुतांशी काव्यप्रकार म्हणून झाला आणि लावणीकार ‘शाहीर कवी’ म्हणून प्रतिष्ठित झाले.

पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे या परंपरेतील अखेरच्या काळातील सर्वांत लोकप्रिय नाव होय. ते कवी होते, गायक होते आणि फडाचे नायकही होते. ‘ब्राह्मण असून तमाशात गेलेला शाहीर’ ही त्यांची रूढ ओळख आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा आढावा घेऊन, ही ओळख कितपत पुरेशी आहे आणि त्यांच्या यशात फडातील सहकाऱ्यांचा, विशेषतः पवळाबाईंचा, वाटा कोणता होता, याचा विचार करण्यात आला आहे.

पूर्वपरंपरा

उत्तर पेशवाईत लावणीला बहर आला. रामजोशी, अनंत फंदी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ, होनाजी अशा शाहिरांनी लावणी घडविली. त्यांत ब्राह्मणापासून शिंप्यापर्यंत व गवळ्यापासून मुसलमानापर्यंत विविध समाजांतील माणसे होती. सोलापूरचे रामजोशी हे ब्राह्मण असूनही तमाशाच्या फडात रमले. त्यामुळे बापूरावांचे उदाहरण अगदीच अपूर्व नव्हते.

या परंपरेत श्रेय देण्याच्या एकाहून अधिक पद्धती होत्या, ही बाब येथे महत्त्वाची आहे. ‘होनाजी बाळा’ हे नाव एका व्यक्तीचे नाही. होनाजी शिलारखाने हा रचना करणारा आणि बाळा करंजकर हा गाणारा; या दोघांच्या जोडीचे ते नाव आहे. प्रभाकराच्या रचनांच्या अखेरीस त्याच्या स्वतःच्या नावाबरोबर गंगू हैबती व महादेव या फडातील साथीदारांचीही नावे येतात. शेवटच्या कडव्यात येणाऱ्या या नामोल्लेखाला नाममुद्रा म्हणतात. लावणी मौखिक परंपरेने फिरत असताना कर्त्याचा हक्क सांगणारे हेच एक साधन होते. कवीबरोबर गायकाचे नाव त्यात येऊ शकत होते. नाचणाऱ्याचे नाव मात्र सहसा येत नसे.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि शाहिरांचा दरबारी आश्रय आटला. तमाशा खेड्यांतील जत्रांकडे वळला. पुढे १८५० नंतरच्या दशकांत मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि सातारा, कोकण व देशावरून आलेल्या कामगारांच्या रूपाने तमाशाला तिकीट काढून येणारा नवा प्रेक्षक मिळाला. बापूरावांची कारकीर्द या नव्या व्यवस्थेत घडली. त्यांचा आश्रयदाता सरदार नव्हता, तर जत्रेतील शेतकरी आणि गिरणीतील मजूर होता.

जन्म आणि जडणघडण

बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते; आज ते सांगली जिल्ह्यात आहे. घराण्याकडे कुलकर्णी वतन होते. म्हणजे गावाचे दप्तर, जमाखर्च आणि लिखापढी हा घरचा व्यवसाय. अक्षरओळख, पोथीपुराणांचा परिचय आणि गावगाड्याची खडान्खडा माहिती हे भांडवल त्यांना घरातूनच मिळाले. पुढे त्यांच्या वगांत आणि लावण्यांत पौराणिक संदर्भ व खेड्यातील व्यवहार एकत्र नांदताना दिसतात, त्याचे मूळ येथे आहे.

तमाशाचे दुसरे शिक्षण मात्र त्यांना गावकुसाबाहेर मिळाले. ढोलकीच्या फडांतील कलावंत बहुतेक महार, मांग व अन्य दलित समाजांतील असत. ठेका, चाल, सवाल-जवाबातील हजरजबाबीपणा आणि बतावणीचा विनोद ही विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. कुलकर्ण्याच्या मुलाने तेथे जाऊन बसणे, त्यांच्याबरोबर गाणे आणि पुढे त्यांच्यासह फड उभा करणे हा त्या काळच्या जातिव्यवस्थेचा उघड भंग होता. त्याची किंमत बापूरावांनी चुकविली. घर, वतन आणि जातीतील स्थान यांना ते पारखे झाले. आपण सोवळे सोडल्याची कबुली त्यांनी चोरून न देता लावणीतूनच जाहीर केली. हे धैर्य नाकारता येणार नाही.

फड आणि रचना

तमाशाच्या खेळाचा क्रम ठरलेला असे. आरंभी गण, नंतर गवळण, त्यानंतर बतावणी, लावण्या आणि अखेरीस वग. बापूरावांनी या सर्व अंगांसाठी लेखन केले. त्यांचा ‘मिठाराणी’चा वग विशेष गाजला. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांच्यासमोर त्याचा प्रयोग झाल्याचे नमूद आहे.

त्यांच्या लावण्यांची संख्या दोन लाख सांगितली जाते. हा आकडा शब्दशः घेण्याजोगा नाही. तथापि तो निराधार बढाई म्हणून सोडून देण्याजोगाही नाही, कारण त्यातून फडाच्या कामाची पद्धत लक्षात येते. सवाल-जवाबात प्रतिस्पर्ध्याला जागच्या जागी उत्तर द्यावे लागे. प्रेक्षकांच्या फर्माइशीवर नवे कडवे जोडावे लागे. गाव बदलले की स्थानिक संदर्भ बदलावे लागत. अशा रीतीने एकच रचना अनेक रूपे घेत असे. त्यातील अल्प भागच कागदावर उतरला आणि छापील संग्रह शाहिराच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. प्रयोगात जन्मलेली कडवी प्रयोगाबरोबरच विरून गेली.

छापील लावणीत शब्द आणि अखेरीची नाममुद्रा एवढेच शिल्लक राहिले. ठेका नाही, चाल नाही, अदा नाही. परिणामी जे टिकले ते बापूरावांचे आणि जे हरवले ते इतरांचे, असे श्रेयाचे वाटप आपोआप झाले.

पवळाबाईंचे स्थान

बापूरावांच्या कीर्तीचा काळ आणि पवळाबाई त्यांच्या फडात असल्याचा काळ हे परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. पवळाबाई संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या, महार समाजातील. त्यापूर्वी ढोलकीच्या फडात स्त्रीची भूमिका ‘नाच्या’ पोऱ्या करीत असे. पवळाबाई या ढोलकीच्या तमाशातील पहिल्या नामांकित स्त्री कलावंत मानल्या जातात. पुरुष शाहिराने स्त्रीच्या तोंडी घातलेले शब्द स्त्रीने स्वतः गाणे आणि नाचून दाखविणे यामुळे लावणीचा अर्थच बदलला. शृंगार, लटका राग आणि विरह यांना प्रत्यक्ष देह व आवाज मिळाला. हा बदल केवळ बापूरावांच्या लेखणीने घडलेला नव्हता.

पुढे पवळाबाई फडातून वेगळ्या झाल्या आणि फडाची कळा उतरली. लावण्या त्याच होत्या, शाहीरही तोच होता; तरीही पूर्वीची गर्दी राहिली नाही. या एका गोष्टीवरून प्रेक्षक कशासाठी येत होते, याचा अंदाज येतो. चरित्रपर लेखनात मात्र हा प्रसंग ‘पवळेने बापूरावांना सोडले’ अशा व्यक्तिगत रागलोभाच्या भाषेत येतो. फडातील एक प्रमुख कलावंत आपले श्रम घेऊन बाहेर पडली, असे त्याचे वाचन क्वचितच होते. चरित्रकारांच्या भाषेत बापूराव ‘ते’ असतात आणि पवळा ‘ती’ असते. श्रेयाची विषमता सर्वनामापर्यंत झिरपलेली आहे.

देणगीचा प्रसंग

या संदर्भात आंबेडकरी चळवळीच्या आठवणींत सांगितला जाणारा एक प्रसंग विचारात घेण्याजोगा आहे. १९२७ च्या महाडच्या लढ्याच्या सुमारास बापूरावांनी आपल्या काही खेळांचे उत्पन्न चळवळीच्या निधीस देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. अस्पृश्य समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्याच समाजाच्या मुक्तीसाठी स्वीकारता येणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता.

या नकाराकडे दोन बाजूंनी पाहता येते. बापूरावांच्या बाजूने पाहता, ज्या समाजात त्यांनी आयुष्य काढले त्याच्या लढ्याला मदत करण्याची त्यांची इच्छा प्रामाणिक मानण्यास हरकत नाही. डॉ. आंबेडकरांच्या बाजूने पाहता, प्रश्न एका व्यक्तीच्या सद्भावनेचा नव्हता. जातीने नेमून दिलेल्या ‘नाचण्याच्या’ व्यवसायातून त्या समाजाची सुटका करणे हा चळवळीचा हेतू होता. शर्मिला रेगे यांनी लावणीचा विचार जात आणि स्त्रीचे श्रम यांच्या संदर्भात केला आहे. त्या दृष्टीने पाहिले असता हा प्रसंग बापूरावांच्या चरित्राच्या केंद्रस्थानी येतो. जात ओलांडणे ब्राह्मण शाहिरासाठी त्याग ठरला; पवळाबाईंना मात्र तोच रंगमंच जातीच्या चौकटीत अधिकच जखडून ठेवणारा होता. एकाच बोर्डावर उभ्या असलेल्या दोघांचे सामाजिक अर्थ असे भिन्न होते.

दोन शाहीर, एक शहर

बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली. या महानगराचे वैभव, तेथील नवलाई आणि गजबज हा तिचा विषय आहे. खेड्यातून आलेल्या मजुराला आपले नवे शहर तीत दिसले. विशेष म्हणजे याच वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली. अण्णा भाऊ मांग समाजातील होते. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. त्यांच्या लावणीत शहराच्या नवलाईची जागा धनिक आणि कष्टकरी यांच्यातील तफावतीने घेतली.

अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊंनी तमाशाचे लोकनाट्यात रूपांतर केले. गणातील देवतावंदनाऐवजी मातृभूमी व श्रमिकांना वंदन आले आणि गवळण वगळली गेली. या बदलाने स्त्री कलावंताकडे केवळ करमणुकीचे साधन म्हणून पाहण्याची पद्धत दूर सारली. मात्र त्याबरोबरच नाचणाऱ्या स्त्रीच्या कलेचे स्थानही आकुंचित झाले. तिला श्रेय द्यावयाचे की तिला मंचावरून हटवावयाचे, या पेचातून परिवर्तनवादी परंपराही पूर्णपणे सुटली नाही.

अखेरचा काळ आणि स्मरण

बापूरावांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. तिकिटाच्या उत्पन्नावर उभा असलेला फड मोडला की शाहिराजवळ काही उरत नसे. लावण्या गावोगाव गायिल्या जात, पण त्यांचा मोबदला कर्त्याला मिळण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. नाममुद्रेने नाव राखले; पोट राखले नाही. जी व्यवस्था पवळाबाईंना श्रेय देत नव्हती, तिने बापूरावांनाही सुरक्षितता दिली नाही.

निधनानंतर पाच वर्षांनी, १९५० मध्ये, राजा नेने यांनी ‘पठ्ठे बापूराव’ हा चित्रपट काढला. चित्रपट, नाटक आणि चरित्रे यांतून त्यागी व कलंदर शाहिराची प्रतिमा दृढ झाली. फडातील स्त्रीला मानाचे स्थान मिळण्यास मात्र आणखी बराच काळ जावा लागला. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले आणि तमाशातील जीवनगौरव पुरस्काराला महाराष्ट्र शासनाने त्यांचे नाव दिले. पवळाबाईंनी सुरू केलेल्या वाटेची ती उशिरा मिळालेली पोच होय.

समारोप

पठ्ठे बापूरावांची प्रतिभा, त्यांनी केलेला जातिबंधनाचा भंग आणि लावणीला त्यांनी मिळवून दिलेला प्रेक्षक यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्यांची कारकीर्द एकट्या कवीची नव्हती. ती दलित कलावंतांच्या परंपरागत विद्येवर, पवळाबाईंच्या आवाजावर व नृत्यावर आणि गिरणी कामगारांच्या तिकिटाच्या पैशावर उभी होती. ‘होनाजी बाळा’ या जोडनावाने पेशवाईत रचणारा आणि गाणारा यांना एकाच श्रेयात बसविले होते. त्यानंतर शतकभराने बापूराव आणि पवळा यांच्या बाबतीत तसे घडले नाही, कारण येथे दुसरी व्यक्ती स्त्री होती आणि महार होती. लावणीच्या इतिहासलेखनाने शेवटच्या कडव्यातील नावावर न थांबता ते कडवे कोणी गायिले आणि कोण त्यावर नाचले, याचीही नोंद घेणे आवश्यक आहे.