पळस आणि शिंजीर

अमेरिकेंतील गुंजनपक्षी आपल्याकडे नाहीं. परभणीच्या माळावर त्याचें काम शिंजीर करतो. फुलांचा व कीटकांचा संबंध जर्मनीच्या श्प्रेंगेलनें १७९३ सालीं उलगडून दाखविला. भारतांतील पक्षी व फुलें यांचें नातें सलीम अलींनीं १९३२ सालीं सविस्तर मांडलें. त्याच सुमारास त्यांनीं हैदराबाद संस्थानाची पक्षिपाहणी केली. परभणी जिल्हा तेव्हां त्या संस्थानांतच होता.

पळसावर पुष्कळ पक्षी येतात. परंतु बहुतेक केवळ भोजनभाऊ! दिल्लीच्या संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत आठ जाती नोंदल्या. त्यांत पराग नीट पोहोंचविणारी जात एकच, जांभळा शिंजीर. हाच पक्षी पुढें पांगाऱ्यावर, बांडगुळावर हिंडतो, तेव्हां त्याच्या कपाळावर परागांची सरमिसळ होते. परका पराग कुक्षीवर पडून फलधारणा तर करीत नाहींच, उलट जागा अडवितो. शिंजीर एका पळसावरून दुसऱ्या पळसावरच जितका जाईल, तितकें पळसास बरें.