तळटीप ७ : ‘कराचीचे विमान’
७. कराचीचे विमान : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी ‘पस मॉथ’ जातीच्या एकइंजिनी विमानातून कराचीहून मुंबईस आणलेल्या पहिल्या हवाई टपालाचा हा उल्लेख आहे. इंपीरियल एअरवेजच्या विमानांनी कराचीपर्यंत पोचविलेले विलायतेचे टपाल घेऊन ते प्रातःकाळी द्रिघ रोडच्या तळावरून निघाले आणि अहमदाबादेस पेट्रोल भरून दुपारी दोनच्या सुमारास जुहू येथे उतरले. तेथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतची मजल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मारली. कराची व मुंबई यांमधील सरळ अंतर सुमारे ५५० मैल असले, तरी अहमदाबादच्या वळशामुळे ते साडेसहाशेच्या घरात जाई, आणि ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग असलेल्या त्या चिमुकल्या विमानास, मधला मुक्काम जमेस धरूनही, सव्वासात तासच लागले, हे साहस आजही विस्मयकारक वाटते. ग्रंथकारांचे ‘इलाख्यातल्या इलाख्यात’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत. कारण १९३६ साली वेगळा प्रांत होईपर्यंत कराचीसह सिंध मुंबई इलाख्यातच मोडत असे.