मारुती व्हॅन : तिसऱ्या मालकाचा इतिहास

१/ मोटारीचा इतिहास बहुधा कारखान्याच्या दारात सुरू होतो आणि उत्पादन थांबले की संपतो. त्या हिशेबाने मारुती व्हॅनचा, म्हणजेच ओम्नीचा, इतिहास १९८४ ते २०१९ एवढाच. पण जुनी झाल्यावर या गाडीला जे आयुष्य लाभले, तो आजच्या थ्रेडचा विषय.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९८१ मध्ये केंद्र सरकारने मारुती उद्योगाची स्थापना केली. १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. १९८३ च्या अखेरीस ‘मारुती ८००’ आली आणि पुढच्याच वर्षी व्हॅन. तिचा मूळ आराखडा सुझुकीच्या ‘कॅरी’ या छोट्या गाडीचा. ‘ओम्नी’ हे नाव तिला १९८८ मध्ये मिळाले.

३/ इंजिन मात्र ‘८००’ चेच : तीन सिलिंडर, ७९६ सीसी. तिच्या दीर्घायुष्याचे मूळ येथे आहे. एकच इंजिन दोन लोकप्रिय गाड्यांत असल्याने सुटे भाग सर्वत्र मिळू लागले, आणि ज्या मिस्त्रीने ‘८००’ उघडली होती, त्याला व्हॅन परकी राहिली नाही.

४/ हे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की हात थेट कामाला लागतो. जुन्या व्हॅनमधला कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग बदलणे, ही कामे पान्यांच्या एका पिशवीत भागत. उन्हाळ्यात सीट तापे, ही त्याची किंमत.

५/ त्यामुळे पहिल्या मालकाने विकलेली व्हॅन दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली आणि तिचा पेशा बदलला : शाळेची मुले, रुग्ण, भाजीचे क्रेट, मंडपवाल्याची भांडी. बाजूला सरकणारी दारे अरुंद गल्लीतही उघडत.

६/ जुनी व्हॅन घेणारा जाणकार इंजिनाआधी पायाखालची मॅट उचलून पाहतो. इंजिन खोलून पुन्हा बांधता येते. दारांखालचा पत्रा एकदा गंजला की वेल्डिंगचे ठिगळ पावसाळ्यागणिक वाढत जाते.

७/ जी रचना दुरुस्तीला सोयीची, तीच जिवाला घातक. पुढे बॉनेट नाही. समोरून धडक बसली तर चालकाचे गुडघे आणि समोरची गाडी यांत अंतर फारच थोडे. १ ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही धडक-चाचणीचे निकष बंधनकारक झाले. त्याच वर्षी ओम्नीचे उत्पादन थांबले. या गाडीविषयी हळवे होताना हे विसरू नये. तिच्यातून शाळेत जाणारी मुले होती.

८/ रस्त्यावरच्या व्हॅनपुढचा प्रश्न वेगळा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. नव्या गाडीच्या मालकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. तिसऱ्या मालकाच्या हिशेबात तेवढ्यात एखादी मोठी दुरुस्ती बसते.

९/ कारखान्याची कागदपत्रे जपली जातात. कोणता भाग किती वर्षे टिकला, कोणता जुगाड चालला, कोणता अंगाशी आला, हे ज्ञान मिस्त्रीच्या हातात आणि तेलकट वहीत असते. २०१९ च्या शेवटच्या खासगी ओम्नींची पहिली मुदत २०३४ मध्ये संपेल. तोवर ही साधने हयात आहेत. ती विचारून, लिहून ठेवायला हवीत.