वाघ, काडतूस आणि न्यूटनचा तिसरा नियम

करडी हे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले गाव. जवळच कोक्याचे जंगल आहे, त्याच्या पुढे नागझिरा. कोक्याला अभयारण्याचा दर्जा २०१३ साली मिळाला, नागझिऱ्याला १९७० साली. त्याआधी शंभर वर्षे हा सारा मुलूख शिकाऱ्यांचा होता. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि इंग्रज अधिकारी बंदुका घेऊन या रानांत शिरले. त्यांतल्या अनेकांनी पुस्तके लिहिली. वाघाला लोळवायला किती मोठी गोळी लागते, हा त्या पुस्तकांतला कायमचा वाद. आज या प्रश्नाचे उत्तर कुणालाच नको आहे. पण हा वाद कसा घातला गेला, ते विज्ञानाच्या शिक्षकाने पाहण्यासारखे आहे.

सुरुवात जेम्स फोर्सिथ यांच्यापासून करू. मध्य प्रांतातील या अधिकाऱ्याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ साली निघाले. ते अभ्यासकांना ठाऊक असते. पण त्याआधी त्यांनी शिकारी रायफल व तिची गोळी या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. तेव्हा बंदुकीचे माप ‘बोअर’मध्ये सांगत. नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोल गोळ्या मिळून एक पौंड भरला, तर ती बंदूक बारा बोअरची. म्हणजे एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. मात्र दारू जास्त भरली, तर वेगाने निघालेली मऊ शिशाची गोळी आट्यांत न फिरता त्यांवरून घसरते. फोर्सिथ यांचे म्हणणे असे, की आटे अगदी सैल, लांब पिळाचे ठेवावेत. मग गोल गोळी भरपूर दारूवरही नीट फिरते. हा निष्कर्ष अनुभवातून आलेला, पण त्यामागे कारणही दिलेले. आम्हांला तो आवडतो तो यासाठीच.

पुढची पायरी सॅम्युअल बेकर यांची. नाईलच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेले हे गृहस्थ मध्य प्रांतातही शिकार करीत. त्या काळी ‘एक्स्प्रेस’ रायफलींची चलती होती: गोळी हलकी, पुढे पोकळ, वेग जास्त. बेकर यांनी १८९० सालच्या पुस्तकात तिला विरोध केला. पोकळ गोळी आपटताच फुटते, खोल जात नाही. त्यांना हवी होती ती .५७७ इंच व्यासाची, सुमारे ४२ ग्रॅमची भरीव शिशाची गोळी. ती वाघाच्या अंगात चपटी होत जाते आणि पलीकडच्या कातडीखाली थांबते. आरपार गेलेली गोळी आपली उरलेली ऊर्जा बरोबर घेऊन जाते, थांबलेली सगळी आतच देते, असा त्यांचा युक्तिवाद. गतिज ऊर्जेचा इतका साफ विचार शिकारकथेत क्वचित सापडतो. अर्थात हे वाघापुरते. रानगव्याच्या खांद्यापुढे मऊ शिसे कमी पडे.

१८८९ साली कॉर्डाइट ही जवळजवळ धूर न करणारी दारू आली. जुन्या काळ्या दारूचा बार काढला की पुढे धुराचा पडदा उभा राही आणि जखमी जनावर कुठे गेले ते दिसत नसे. आता ती अडचण गेली, आणि गोळीचा वेगही वाढला. १८९८ साली रिग्बी कंपनीने काढलेल्या .४५० रायफलीची ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने जाई. १९०७ साली सरकारने हिंदुस्थानात .४५० मापावर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी बंदुकांचे मापही तेच होते. काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील ही धास्ती. कारखानदारांनी लगेच .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. वाघाच्या ताकदीशी या आकड्यांचा काही संबंध नाही, तो राजकारणाशी आहे!

‘मॅग्नम’ हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ ‘मोठे’. दीड लिटरच्या मद्याच्या बाटलीलाही हेच नाव. काडतुसाच्या बाबतीत तो शास्त्रीय माप नव्हे, त्याच व्यासाच्या नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त दारू मावणारे, एवढाच अर्थ. १९१२ सालचे हॉलंड आणि हॉलंड कंपनीचे .३७५ मॅग्नम यांत सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या पितळी नळकांड्याला बुडाशी एक जाड पट्टा असतो. नळकांडे पुढे निमुळते, खांदा उतरता. त्यामुळे ते नळीत किती आत जावे हे खांद्यावरून नेमके ठरेना, ते काम पट्टा करतो. निमुळतेपणाचा फायदा उन्हाळ्यात कळे. भंडाऱ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेले कॉर्डाइट अधिक वेगाने जळते, दाब वाढतो, पितळ फुगून नळीत चिकटते, आणि दुसरी गोळी हवी असते तेव्हाच बंदूक अडते. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे मिळत.

आता वर्गात देता येईल असा एक हिशोब. ‘गोळीच्या धक्क्याने वाघ मागे फेकला गेला’ असे वर्णन पुष्कळदा वाचायला मिळते. .५७७ नायट्रो एक्स्प्रेस ही त्या काळची दांडगी रायफल घेऊ. गोळी ४८.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ६२५ मीटर. संवेग सुमारे ३० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. वाघ २०० किलोचा धरला आणि गोळी त्याच्या अंगातच राहिली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर! सावकाश चालणारा माणूसही याच्या कितीतरी पट वेगाने जातो. ६ किलोच्या रायफलीला मात्र निदान ५ मीटर वेग मिळतो, आणि तो शिकाऱ्याच्या खांद्यावर आदळतो. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो, की गोळीतून वाघाला मिळालेल्या संवेगाहून बंदुकीला मिळालेला संवेग कमी नसतो. गोळी जर वाघाला उडवू शकती, तर शिकारी मचाणावरून खाली आला असता. वाघ पडतो तो हाड मोडल्याने, मेंदूला वा मज्जारज्जूला इजा झाल्याने, धक्क्याने नव्हे.

मग मोठी गोळी निरुपयोगी? तसेही नाही. मोठी गोळी अधिक खोल, अधिक रुंद जखम करते आणि नेम थोडा चुकला तरी सांभाळून घेते. पण जिम कॉर्बेट यांनी .२७५ सारखी लहान रायफल वापरली, आणि आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने त्याच मापाने शेकड्यांनी हत्ती मारले. तिची ऊर्जा .५७७च्या साधारण एक तृतीयांश. बेलने हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते. जॉन टेलर यांनी १९४८ साली गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून ‘पाडण्याची शक्ती’ मोजण्याचे सूत्र दिले. या गुणाकाराचे एकक काय, ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. ना ते ऊर्जेचे येते, ना संवेगाचे.

या अनुभवांत आणखी एक खोट आहे. पुस्तके वाचलेल्यांनी लिहिली. ज्यांचे काडतूस अपुरे पडून वाघ अंगावर आला, त्यांतल्या अनेकांना लिहायची संधीच मिळाली नाही. आणि हाकाऱ्यांचे काय? रान उठवायला आसपासच्या खेड्यांतले लोक काठ्या आणि ढोल घेऊन चालत. चुकलेल्या गोळीने जखमी झालेले जनावर बऱ्याचदा त्यांच्याच रांगेवर उलटे. शिकारकथांत काडतुसाचे माप तीन आकड्यांपर्यंत अचूक असते. हाकाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. कोणते माप पुरे पडते याचा खरा जबाब त्यांच्याकडे होता, तो कुणी विचारला नाही.

१९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज गावाजवळ आलेल्या वाघाला पकडायचे झाले, तर वनखाते बेशुद्धीचे औषध भरलेली सुई दाबलेल्या वायूच्या बंदुकीने मारते. तिथे हिशोब उलटा असतो. वेग कमी पडला तर सुई कातडीत शिरत नाही, जास्त झाला तर हाडाला इजा होते. म्हणून आधी अंतराचा अंदाज घेतात, मग वायूचा दाब ठरवतात.